हातगुण : एका शालेय रोबोटिक्स संघाचं प्रकरण

"दादा, त्याचा हातगुणच वाईट आहे," असं आठवीतली एक मुलगी मला म्हणाली, तेव्हा तिच्या हातात पुरावा होता. दोनशेपानी वही, पट्टीने आखलेले रकाने, ५२ फेऱ्यांची नोंद. आकड्यांत खोट असती तर आळ पुसणं सोपं होतं. इथे आकडे बरोबर होते, मी गप्प होतो, आणि एका मुलाने येणं बंद केलं.

नावं घालत नाही, मुलं अजून शाळेत आहेत. मुलीला वहीवाली म्हणतो. मुलाला तिथे सगळे 'मेकॅनिक' म्हणायचे, तेच ठेवतो.

संघ

शाळा पुण्याच्या पेठेतली, मराठी माध्यमाची, वरच्या वर्गांना सेमी-इंग्रजी. केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवड झालेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, पण त्यासाठी प्रशस्त जागा दाखवावी लागते. जुन्या वाड्याच्या जागेवर उभ्या असलेल्या या शाळेकडे ती नाही. त्यामुळे आमची लॅब म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या विज्ञान प्रयोगशाळेची एक बाजू. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या प्लायवूडचं आठ बाय चार फुटांचं टेबल, आणि माझ्या मित्राच्या मुलाने कॉलेजला जाताना दिलेला लेगोचा ईव्ही३ हा रोबोट बनवायचा संच. लेगोने हा संच २०१३ साली आणला आणि २०२१ मध्ये बंद केला. फर्स्ट लेगो लीग या शालेय रोबोट स्पर्धेत तो आमच्या वर्षी चालत होता, म्हणून आम्ही उतरलो.

संघात नऊ मुलं. नियमाने दहापर्यंत चालतात. विज्ञानाच्या बाई शाळेच्या बाजूने, मी बाहेरचा मेंटर. मी चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. शनिवारी फर्स्ट शिफ्ट संपवून, मोशी-भोसरीची कोंडी पार करून शाळेत पोचायला पाच वाजायचे. सात वाजता शिपाईमामा कुलूप घालायचे. आठवड्याला दोन तास, त्यातली वीस मिनिटं आवराआवरीत. या दोन तासांचा पुढे संबंध आहे, म्हणून सांगितलं.

खेळ असा : अडीच मिनिटांत रोबोटने टेबलावरची कामं स्वतःच्या प्रोग्रॅमवर करायची. टेबलाशी एका वेळी चारच मुलं उभी राहू शकतात. सुरुवातीला सहा टोकन मिळतात, आणि रोबोट सुरुवातीच्या जागेबाहेर अडकला म्हणून हाताने उचलला की एक टोकन जातं. सहाच्या सहा राखली तर ५० गुण, तीनच उरली तर २५. म्हणून रोबोट सरळ जाणं आणि ठरल्या अंशात वळणं याला फार किंमत. तीन अंशांची चूक झाली तर मीटरभर पुढे गेल्यावर पाच सेंटिमीटर बाजूला, म्हणजे उचलायची वस्तू एकीकडे आणि आपला हुक दुसरीकडे.

मोठ्या माणसाने टेबलाला हात लावायचा नाही, काम मुलांचंच असायला हवं. हा स्पर्धेचा नियम मला आवडतो. माझा स्वतःचा नियम त्याहून कडक होता, त्याला कारण आहे. २००८ साली एबीयू रोबोकॉन ही कॉलेजच्या मुलांची आंतरराष्ट्रीय रोबोट स्पर्धा पुण्यात झाली, विषय होता 'गोविंदा', म्हणजे आपली दहीहंडी. त्या वर्षी आमच्या कॉलेजातही रोबोकॉनचं वारं होतं. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि वर्षभर सीनियरांना पाने पुरवत होतो. एकदा मी गिअरबॉक्समधली चूक दाखवायला गेलो, तर हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि "बघ फक्त" म्हणाले. तेव्हापासून मनात होतं की मी कधी शिकवायला लागलो तर मुलांच्या हातातलं काही काढून घेणार नाही, आणि त्यांचं उत्तरही काढून घेणार नाही.

नियमाचा दुसरा अर्धा भाग मी जरा जास्तच मनावर घेतला.

दोष

नवरात्रापर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग रोबोट मधूनच वेडा व्हायला लागला. तोच प्रोग्रॅम, तीच जागा, चार वेळा नव्वद अंश नीट वळायचा आणि पाचव्या वेळी पंच्याऐंशीवरच थांबायचा, नाहीतर पार शंभरापलीकडे जायचा. मुलांनी बॅटरी बदलून पाहिली, चाकं ओल्या फडक्याने पुसली, मॅटच्या सुरकुत्या काढल्या. यातलं काही वाया गेलं असं मी म्हणणार नाही. चाकांवरच्या धुळीने खरंच फरक पडतो. एकाने वेबवरून शोधून जायरो, म्हणजे वळणाचा कोन सांगणारा सेन्सर, रीसेट करणारा प्रोग्रॅमचा ब्लॉक प्रत्येक वळणाआधी घातला. फरक पडला नाही. शेवटी कुणीतरी ब्रिकला, म्हणजे रोबोटचा मेंदू असलेल्या डबीला, लिंबू-मिरची बांधली. ती बाईंनी काढायला लावली.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी मी पोचलो तेव्हा मुलं खाली पाणी प्यायला गेली होती. रोबोट टेबलावर स्थिर होता, पडद्यावर सेन्सरचा आकडा उघडा होता. बघता बघता तो ३ वरून ४ झाला, ५ झाला, ६ झाला. रोबोट जागचा हललेला नाही आणि कोन वाढतोय.

मला तिथेच कळलं. जायरो कोन मोजत नाही, फिरण्याचा वेग मोजतो आणि त्याची बेरीज करून कोन सांगतो. वेग शून्य म्हणजे किती, हे तो चालू होताना स्वतः ठरवतो, आणि त्या क्षणी आपण स्थिर आहोत असं गृहीत धरतो. नेमका तेव्हा कुणी त्याला हातात हलवत असेल, तर ते हलणंच त्याचं शून्य होतं. मग टेबलावर ठेवला तरी त्याच्या लेखी तो उलट्या दिशेने फिरतच असतो. रीसेटने आकडा शून्यावर येतो, सरकणं थांबत नाही. उपाय साधा आहे : रोबोट स्थिर ठेवायचा, सेन्सरची वायर काढून परत लावायची.

अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मी काही बोललो नाही. मुलं वर आली तेव्हा विचारलं, "काय काय बदलतंय, याची नोंद आहे का तुमच्याकडे?"

वही

नोंद होती, पण तुटक. वहीवालीने त्याच संध्याकाळी ती नीट लावायला घेतली. रकाने तिचे तिनेच ठरवले : तारीख, फेरी क्रमांक, बॅटरी किती टक्के, कोणतं काम, वळण बरोबर की चूक, रोबोट कोणी चालू केला. आधीच्या चौदा फेऱ्या सगळ्यांना विचारून तिने भरून काढल्या. मी हरखून गेलो. आमच्या कारखान्यात ब्रेकडाउन झाल्यावर 'व्हाय-व्हाय', म्हणजे 'का? का?' विचारत मूळ कारणापर्यंत जायचा फॉर्म, भरताना लोक इतकी नेटकी नोंद करत नाहीत. कंपनीत जाऊन मी दोघातिघांना फोटो दाखवले.

एक गोष्ट तेव्हा दिसली नाही, आज पहिल्या नजरेला दिसते. वहीत 'कोणी' होतं, 'कसं' नव्हतं. आमच्या ब्रेकडाउन फॉर्मवरही ऑपरेटरचं नाव वरच असतं आणि मशीनची अवस्था खाली, त्यामुळे मला ते खटकलंही नसावं.

दिवाळीच्या सुट्टीत मुलं रोज सकाळी जमत होती. मी दोनदाच जाऊ शकलो. सुट्टी संपता संपता वहीवालीने बेरीज मांडली. एकूण ५२ फेऱ्या, त्यातल्या १९ चुकलेल्या. मेकॅनिकने रोबोट चालू केलेल्या फेऱ्या २०, त्यातल्या १५ चुकलेल्या. बाकी सगळ्यांनी मिळून ३२, त्यातल्या ४ चुकलेल्या.

आकडे इतके बोलके असल्यावर कोण काय म्हणणार? तो चालू करतो तेव्हा बिघडतो. हातगुण. शब्द पहिल्यांदा कुणी वापरला ते कळलं नाही. सुरुवातीला हसण्यावारी होता, आठवडाभरात नियम झाला : मेकॅनिकने रोबोटला हात लावायचा नाही. टेबलाशी उभ्या राहणाऱ्या चौघांतून त्याचं नाव गेलं. पुढच्या शनिवारी तो आला नाही. मी विचारलं तर "क्लास आहे त्याचा" असं कळलं, आणि मी ते खरं मानलं.

त्याच्या पुढच्या शनिवारी वहीवालीने मला ते वाक्य ऐकवलं, वही पुढे धरून. तिच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता. उलट, मीच मागितलेलं काम तिने पूर्ण करून आणलं होतं आणि शाबासकीची वाट बघत होती.

मी विचारलं, "तो चालू करतो म्हणजे नेमकं काय करतो?"

कुणाला सांगता येईना. मग सर्वांत लहान, सहावीतला मुलगा म्हणाला, "तो जिन्यातच चालू करतो."

रोबोट तळमजल्यावरच्या कपाटात असायचा. ईव्ही३ चालू व्हायला साधारण अर्धं मिनिट घेतो. कपाटापासून जिना चढून टेबलापर्यंत यायलाही तेवढाच वेळ. मेकॅनिकने हे मनाशी मोजलं होतं. मामांकडून किल्ली घेतली की तो कपाटाशीच बटण दाबायचा आणि पळत वर यायचा, म्हणजे टेबलावर ठेवेपर्यंत रोबोट तयार. दादा पाचला येतात, सातला कुलूप लागतं, तेवढीच बचत. बाकीचे आरामात वर आणून, टेबलावर ठेवून, मग चालू करायचे.

संघाचा वेळ वाचवण्याची ज्याला सर्वांत जास्त काळजी, त्याच्याच नावावर १५ चुका लागल्या होत्या.

कसब्यातलं दुकान

मी त्याच संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. वडिलांचं कसब्यात छोटं दुकान आहे, पंख्यांच्या आणि मिक्सरच्या मोटारी वाइंडिंग करून देतात. मेकॅनिक आत स्टुलावर बसून तांब्याची वायर गुंडाळत होता. मला बघून उठला नाही.

वडील म्हणाले, "सर, तो म्हणतोय माझ्या हाताला यश नाही. मी म्हटलं, मग इथं बस, वायर ओढ. इथं यश आपोआप येतं." हसले, पण मला हसू आलं नाही.

मी सरळ सांगून टाकलं. तुझ्या हाताचा दोष नाही, तू चालता चालता चालू करतोस म्हणून सेन्सरचं शून्य चुकीचं बसतं.

तो थोडा वेळ वायरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी चालू करतो म्हणूनच ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगितल्यावर तो सुटेल असं मी धरून चाललो होतो, आणि त्याला ऐकू आलं ते एवढंच की वहीतलं खरं आहे.

तेवढ्यात वडिलांनी एका मोटरची कॉइल तपासायला घेतली. काट्याचा जुना मीटर. दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या, बाजूचं चाक जरासं फिरवून काटा शून्यावर आणला, आणि मगच पिना कॉइलला लावल्या. मी मेकॅनिकला विचारलं, हे कशासाठी?

"नाही केलं तर मीटर खोटं सांगतो."

"आणि चाक फिरवताना पिना नीट टेकल्याच नसतील तर?"

"मग शून्यच खोटं बसणार. पुढचं सगळं..." तो थांबला. वायरचं रीळ खाली ठेवलं. "पण मग हे आधी कुणी सांगितलं का नाही?"

पुण्यात शिकवणारा माणूस अशा वेळी 'तुम्ही स्वतः शोधावं म्हणून' असं बोलून मोकळा होतो. मीही तेच बोललो. बोलतानाच ते पोकळ वाटलं. पिना टेकवायच्या असतात हे वडिलांनी त्याला कधीतरी सांगितलंच होतं, त्याने ते प्रयोगाने शोधलं नव्हतं.

त्या रात्रीपासून मी माझा नियम बदलला, तो असा : जे मुलांच्या डोळ्यांसमोर आहे आणि त्यांच्या हाताने सापडू शकतं, ते सांगायचं नाही. चाकावरची धूळ, गिअरचा ढिला दात, प्रोग्रॅममधला चुकलेला क्रम, यांत आठवडा गेला तरी चालेल. पण बनवणाऱ्याने डबीच्या आत घालून ठेवलेली गोष्ट, जी ब्रिक शंभरदा चालू-बंद करूनही दिसणार नाही, ती सांगायची. सगळी नाही. 'हा सेन्सर कोन नाही, वेग मोजतो' एवढं एक वाक्य मी दसऱ्यानंतर बोललो असतो, तर वहीवालीने रकाना वेगळा आखला असता असं मला आजही वाटतं. आणि एक : कारण शोधताना मुलांचं बोट कुठल्या मुलाकडे वळायला लागलं, तर त्या क्षणी शिकवण्याचं तत्त्व बाजूला ठेवायचं. हे मला बाईंनी सुनावलं. फार गोड शब्दांत नाही.

पासंग

पुढच्या शनिवारी मेकॅनिक आला, पण दारापाशीच उभा राहिला. मी सगळ्यांसमोर सांगितलं की कारण मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. शांतता पसरली. मग प्रयोग केला : प्रत्येकाने दोनदा रोबोट चालू करायचा, एकदा टेबलावर, एकदा हातात घेऊन चालत. हातात चालू केलेल्या नऊपैकी आठ फेऱ्यांत पडद्यावरचा आकडा सरकत राहिला. वहीवालीने स्वतः जिन्यातून पळत आणला, तेव्हा तर आकडा धावतच सुटला. ती काही बोलली नाही. वहीत 'कोणी' या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'कुठे चालू केला'.

बाई म्हणाल्या, हा तर तराजूचा पासंग. पारड्यात काही नसताना काटा एका बाजूला कललेला असेल, तर तो आधी मोडायचा, मग माल तोलायचा. मुलांना शब्द नवा होता, एकदम उचलला.

पुढचं काम मात्र पूर्ण त्यांचं आहे, आणि मला ते सर्वांत आवडतं. मेकॅनिकचं म्हणणं पडलं की सूचना लिहून भिंतीवर लावून उपयोग नाही, घाईत कुणीतरी विसरणारच. रोबोटलाच ते कळायला हवं. दोघातिघांनी मिळून प्रोग्रॅमच्या सुरुवातीला तपासणी बसवली : दोन सेकंद थांब, आधीचा कोन आणि नंतरचा कोन ताडून बघ, फरक असेल तर ब्रिकचा दिवा लाल कर आणि जागचा हलू नकोस. आमच्या कारखान्यात याला पोका-योके म्हणतात, म्हणजे चूक होऊच न देणारी सोय. त्यांनी प्रोग्रॅमचं नाव ठेवलं 'पासंग'. पहिल्या प्रयत्नात दिवा कायमचा लालच राहिला, कारण तुलना उलटी लिहिली गेली होती. ते मी सांगितलं नाही. चाळीस मिनिटं लागली.

मेकॅनिकला टेबलाशी परत जागा दिली, तेव्हा तो नको म्हणाला. हुक आणि अटॅचमेंट बनवायच्या आहेत, असं कारण दिलं. ते खरं कारण होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. त्याने बनवलेला उचलणारा हात संघातला सर्वांत चांगला भाग ठरला, एवढं खरं. पण मी त्याला परत आग्रह केला नाही, आणि करायला हवा होता का, याचा विचार अजून मनात येतो.

फेरीचा दिवस

या स्पर्धेत टेबलावरच्या खेळाला एक चतुर्थांशच वजन असतं. बाकीचं रोबोटची रचना, मुलांचा स्वतःचा प्रकल्प आणि संघ म्हणून वागणं यांना. टेबलावर आम्ही मध्यावर कुठेतरी राहिलो. दुसऱ्या फेरीआधी लाल दिवा लागला. गर्दीत कुणाचा तरी टेबलाला धक्का बसला होता. चौघांनी एकदम हात वर केले, एकाने वायर काढून परत लावली, दोन सेकंद कुणी श्वासही घेतला नसेल, मग दिवा हिरवा. शेजारच्या संघाला ही काही पूजा वाटली असावी.

परीक्षकांच्या खोलीत मी नव्हतो. तिथलं बाईंकडून कळलं. परीक्षकांनी वही मागितली आणि चाळता चाळता एका पानावर थांबले. चौदाव्या आणि पंधराव्या फेरीच्या मधे लाल पेनाने रेघ होती, आणि समासात लिहिलं होतं, 'दादांना माहीत'. ती रेघ वहीवालीने कधी मारली मला माहीत नाही. मी कबूल केलं त्या शनिवारी शाळेतून निघताना तिने मला एवढंच विचारलं होतं, "तुम्हाला नक्की कोणत्या दिवशी कळलं?" आणि मी सांगितलं होतं.

परीक्षकांनी विचारलं, हे काय आहे?

वहीवाली म्हणाली, "या रेघेनंतरच्या ३८ फेऱ्या आम्ही वेगळ्या मोजल्यात, सर."